डॉज-बर्न प्रीसेट एका फोटोवर जमतो, पुढच्यावर बिघडतो: कारणं आणि दुरुस्ती

डॉज-बर्न म्हणजे फोटोतल्या निवडक जागा उजळणं आणि गडद करणं, आणि प्रीसेट म्हणजे त्यासाठी साठवून ठेवलेल्या तयार सेटिंग्ज. त्यांच्याबद्दलची तक्रार ओळखीची आहे. नमुन्याच्या फोटोत चेहरा सुरेख उजळलेला, मागची भिंत अलगद मागे सरकलेली. तोच प्रीसेट आपल्या फोटोवर लावला की गालावर ठिगळ, केसांभोवती पांढुरकी झालर आणि सावल्या राख फासल्यासारख्या. मग दुसरा प्रीसेट, तिसरा, पाचवा. अर्ध्या तासाने पहिलाच बरा होता असं वाटायला लागतं.

प्रीसेटमध्ये साठवलेले असतात फक्त आकडे. मास्कमध्ये, म्हणजे फोटोच्या निवडलेल्या भागात, +०.५० एक्सपोजर म्हणजे त्या जागेतला प्रकाश सुमारे १.४ पट. पण कशाच्या १.४ पट, ते खालचा फोटो ठरवतो. सावलीतल्या गालावर तेवढं एक्सपोजर औषधासारखं लागू पडतं, आधीच उजळ असलेल्या कपाळावर तेच कातडी पुसून टाकतं. त्यात प्रीसेट बनवणाऱ्याचा कॅमेरा प्रोफाइल (रंग आणि टोनची मूळ मांडणी) वेगळा, फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आपला जेपीईजी, त्याची चौकट आडवी, आपली उभी. म्हणून दोन प्रीसेटची तुलना करायची तर आधी खालचा फोटो सारखा करावा लागतो आणि मग मात्रा सारखी करावी लागते. हे न करता ठरवलेली पसंती बहुतेक वेळा ‘जो जास्त उजळ तो छान’ एवढीच असते.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवलेला बरा. आपण ‘फोटो जळाला’ म्हणतो तेव्हा तो जास्त उजळून पांढरा पडलेला असतो. ‘बर्न’चा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे गडद करणं. हा शब्द डार्करूममधून आला. तिथे निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडतो आणि जास्त प्रकाश पडला की कागद जास्त काळा होतो. मूळ एक्सपोजर २० सेकंदांचं असेल आणि आकाश एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) बर्न करायचं असेल, तर आकाशाला आणखी २० सेकंद द्यायचे आणि बाकीचा कागद झाकून ठेवायचा. डॉज म्हणजे त्याच २० सेकंदांत चेहऱ्यावर काही वेळ आडोसा धरणं, म्हणजे तो उजळ राहतो. सॉफ्टवेअरमधली चिन्हं अजून तीच आहेत: डॉजला दांडीवरची चकती, बर्नला वळवलेला हात.

प्रीसेट लावला, पण काहीच बदललं नाही

लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट यादीत दिसतच नसेल किंवा तिरक्या, फिकट अक्षरांत दिसत असेल, तर तो त्या फोटोला पूर्ण लागू होत नाही. रॉसाठी बनवलेला कॅमेरा प्रोफाइल प्रीसेटमध्ये अडकलेला असतो आणि फोटो जेपीईजी असतो, हे नेहमीचं कारण. प्रेफरन्सेसच्या प्रीसेट्स टॅबमध्ये अंशतः जुळणारे प्रीसेट दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रीसेट दिसतो, पण प्रोफाइलचा भाग लागत नाही, त्यामुळे नमुन्यासारखा निकाल येईल ही अपेक्षा सोडावी.

ब्रशचा प्रीसेट आणि डेव्हलपचा (पूर्ण फोटोवर लागणारा) प्रीसेट यांतली गल्लत हे दुसरं कारण. ब्रशच्या इफेक्ट यादीतले डॉज आणि बर्न फक्त स्लायडरच्या जागा लक्षात ठेवतात. कुठे रंगवायचं हे त्यांना ठाऊक नसतं, ते आपणच रंगवायचं असतं. डेव्हलप प्रीसेटमध्ये मात्र मास्कसुद्धा साठवता येतो. मास्कचं आजचं पॅनेल २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि विषय किंवा आकाश स्वतः ओळखणारे प्रीसेट २०२२च्या जूनमध्ये. त्याआधीच्या आवृत्तीत असे प्रीसेट चालण्याचा प्रश्नच नाही. मास्क आहे पण परिणाम नाही, असं असेल तर मास्क अद्ययावत करायचा राहिला आहे का ते बघा. ओळखून बनलेला मास्क प्रत्येक फोटोवर नव्याने मोजावा लागतो.

फोटोशॉपमध्ये ५० टक्के राखाडी लेयर सॉफ्ट लाइटमध्ये (वरचा लेयर खालच्या फोटोत मिसळण्याचा एक मोड) ठेवून डॉज करणाऱ्या अ‍ॅक्शनचा (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांचा) अनुभव असा की डोळ्यांखाली छान चालते, काळ्या केसांत हूं की चूं करत नाही. हा बिघाड नव्हे, गणित आहे. सॉफ्ट लाइट आणि ओव्हरले या दोन्ही मोडमध्ये खाली निव्वळ काळा, म्हणजे ० असेल तर वर काहीही रंगवा, उत्तर ०च येतं. निव्वळ पांढऱ्याचंही तसंच. तळाच्या सावल्या उचलायच्या असतील तर कर्व्ह्‌ज लेयर (टोन बदलणारी वक्ररेषा) घ्या आणि त्याचा डावा खालचा बिंदूच थोडा वर ओढा, ० वरून ८ ते १२ पर्यंत. तपशील आधीच गेलेला असेल तर तिथे फक्त राखाडी मिळेल, हे धरून चाला.

डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये टोन इक्वलायझरचा (उजळपणाचे थर वेगवेगळे बदलणाऱ्या साधनाचा) प्रीसेट निष्प्रभ वाटतो त्याचं कारण जवळजवळ नेहमी मास्कच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजळपणाच्या आलेखात, सापडतं. हे मॉड्यूल −८ ते ० ईव्हीच्या (ईव्ही म्हणजे स्टॉपच) पट्ट्यात काम करतं. मास्कचा सगळा डोंगर −३ ते −२ च्या चिंचोळ्या जागेत गोळा झाला असेल तर नऊपैकी दोनच बिंदूंना हाताला काही लागतं. मास्किंग टॅबमध्ये मास्क एक्सपोजर आणि कॉन्ट्रास्ट भरपाईचे दोन स्लायडर आहेत, त्यांच्या शेजारच्या जादूच्या कांडीवर एकेकदा टिचकी मारा. डोंगर पसरला की तोच प्रीसेट काम करू लागतो.

आधी खालचा फोटो सारखा करा

डॉज-बर्न हे शेवटच्या टप्प्याचं काम. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल आणि लेन्स सुधारणा ठरल्याशिवाय प्रीसेट तपासू नये. नंतर प्रोफाइल बदललात तर खालची टोन कर्व्हच बदलते आणि सगळी तुलना पाण्यात जाते.

प्रीसेट पूर्ण फोटोचे आकडेही गुपचूप बदलतो का, हे बघणं इथलं सर्वांत महत्त्वाचं काम. लावण्याआधी एक्सपोजर, हायलाइट्स, शॅडोज, व्हिनेट (कोपरे गडद करणारा) हे चार आकडे लिहून ठेवा आणि लावल्यावर पुन्हा वाचा. २०१८च्या एप्रिलनंतरचे लाइटरूमचे प्रीसेट एक्सएमपी स्वरूपात असतात. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात ‘एक्सपोजर२०१२’ आणि ‘लोकलएक्सपोजर२०१२’ अशा वेगवेगळ्या नोंदी दिसतात. पहिली पूर्ण फोटोची, दुसरी मास्कच्या आतली. ‘डॉज-बर्न’ म्हणून मिळणाऱ्या प्रीसेटमध्ये पहिली नोंद सापडली तर तो प्रीसेट तुमचं मूळ एक्सपोजर पुसून स्वतःचं बसवणार. उपाय साधा: प्रीसेट लावा, पूर्ण फोटोचे आकडे पुन्हा आपले करा, मग नवा प्रीसेट बनवताना फक्त मास्किंगवर खूण ठेवा. त्याच खिडकीत अमाउंट स्लायडरला परवानगी देणारी खूण आहे, तीही करा. पुढे ती लागणारच आहे.

प्रत्येक प्रीसेटसाठी वेगळी व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइलचीच दुसरी आवृत्ती) घ्या. विंडोजवर कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी, मॅकवर कमांड आणि अपॉस्ट्रॉफी. एकाच कॉपीवर एकामागून एक प्रीसेट लावत गेलात तर आधीचा मास्क तसाच मागे राहून नव्याखाली दबलेला असू शकतो. मास्क पॅनेल उघडून मोजणी करा. दोनच मास्क असायला हवेत तिथे चार दिसले, तर ‘हा प्रीसेट फार भडक आहे’ हा निष्कर्ष रद्द.

मग मात्रा सारखी करा

इथे बहुतेक तुलना फसतात, म्हणून जरा सावकाश.

लाइटरूमच्या हिस्टोग्रामवर राइट-क्लिक करून लॅब (उजळपणा आणि रंग वेगळे मोजणारी पद्धत) आकडे दाखवण्याचा पर्याय चालू करा. त्यातला एल म्हणजे उजळपणा: ० काळा, १०० पांढरा. फोटोत तीन जागा ठरवा आणि प्रत्येक वेळी कर्सर तिथेच नेऊन आकडा वाचा. समजा खिडकीशेजारचं पोर्ट्रेट आहे. उजेडातला गाल ७२, सावलीतला गाल ४६, मागची भिंत ३८.

तीन प्रीसेट लावले. अ ने सावलीतला गाल ५८ वर नेला आणि भिंत ३० वर आणली. ब ने गाल ५२, भिंत ३४. क ने गाल ५५, भिंत जशीच्या तशी ३८. पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले तर अ उठून दिसणार, यात शंका नाही. त्याने गाल १२ ने उचललाय, ब ने निम्माच.

आता तिन्हींची मात्रा सावलीतल्या गालावर +६ ला आणा. ब जसा आहे तसा. अ चा अमाउंट ५० च्या आसपास, क चा ६५ ते ७० दरम्यान. परिणाम अगदी सरळ रेषेत वाढत नाही, म्हणून स्लायडरकडे न बघता एलच्या आकड्याकडे बघत थांबा. तिन्हींत गाल ५२ झाला. अ ची भिंत आता ३४ वर आली, म्हणजे नेमकी ब च्या जागी. उजेडातला गालही दोन्हींत ७३ च्या आसपास. अ आणि ब हे दोन प्रीसेट नव्हतेच, एकाच प्रीसेटचे दोन डोस होते!

क खरंच वेगळा निघाला. त्यात उजेडातला गाल ७७ झालाय. दोन गालांमधलं मूळ अंतर २६ होतं, क मध्ये ते २५ उरलं, अ आणि ब मध्ये २१. हे अंतर म्हणजेच चेहऱ्याचा उठाव. अ आणि ब सावली भरून काढतात, चेहरा थोडा चपटा करतात, पण भिंत मागे ढकलतात. क पूर्ण चेहरा सारखा उचलतो, घडण राखतो, भिंतीला हात लावत नाही. कोणता हवा हे आता फोटो बघून ठरवता येतं. आधी ते ठरवणं अशक्य होतं.

लाइटरूममध्ये प्रीसेटचा अमाउंट ० ते २०० पर्यंत जातो, आणि प्रत्येक मास्कला स्वतःचा वेगळा अमाउंटही असतो. फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शनने बनवलेले लेयर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपची ओपॅसिटी (अपारदर्शकता) वापरा. कॅप्चर वनमध्ये लेयरची ओपॅसिटी, डार्कटेबलमध्ये मॉड्यूलच्या मास्कची ओपॅसिटी. फोटोशॉपमध्ये एल वाचायला इन्फो पॅनेलचा एक रकाना लॅबवर ठेवा.

तुलनेच्या वेळी पडद्याची पार्श्वभूमी मध्यम राखाडी असू द्या. फोटोभोवती काळं असलं की फोटो आहे त्याहून उजळ भासतो आणि आपण बर्न जरा जास्तच ओढतो. तोच फोटो नंतर पांढऱ्या पानावर चढवला की काळवंडलेला दिसतो. लाइटरूममध्ये फोटोबाहेरच्या जागेवर राइट-क्लिक करून रंग बदलता येतो. मॉनिटर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान ठेवा. रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप ब्राइटनेस दोन्ही बंद.

कडेला पांढरी झालर

डोंगरमाथा आणि आकाश, काळे केस आणि उजळ भिंत, इमारतीची कड. झालर दिसली की आधी मास्कमधले क्लॅरिटी आणि डिहेझ ० करून बघा. बर्नच्या प्रीसेटमध्ये आकाशाला ‘दम’ यावा म्हणून क्लॅरिटी +२० ते +३० घातलेली असते. ती कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवते, म्हणजे झालर तीच तयार करते. ० केल्यावर झालर गेली तर प्रीसेटमधून क्लॅरिटी कायमची काढा आणि बदली टेक्स्चर +५ ते +१० द्या. टेक्स्चर बारीक तपशिलावर काम करतं, रुंद झालर ओढत नाही.

तरीही राहिली तर दोष मास्कच्या कडेत आहे. ओ दाबून मास्कचा रंग दाखवा आणि १०० टक्के झूमवर कड तपासा. मास्क कडेच्या आत दोन-चार पिक्सेल थांबलेला असतो आणि ती न गडद झालेली पट्टी झालर म्हणून दिसते. आकाशाच्या मास्कमध्ये ब्रशने भर घाला, फेदर (कडेचा मऊपणा) १०० आणि फ्लो (एका वेळी पडणारी मात्रा) २० ते ३०, कडेवरून थोडं पलीकडे जाईपर्यंत. डोंगर गडदच असल्याने ०.३० स्टॉप जास्त लागला तरी डोळ्याला कळत नाही. झाडांच्या फांद्यांतून आकाश डोकावत असेल तर ओळखलेल्या मास्कच्या नादी लागू नये. त्यापेक्षा लिनिअर ग्रेडियंट घ्या आणि तो ल्युमिनन्स रेंजशी (उजळपणाच्या पट्ट्याशी) इंटरसेक्ट करा (दोन्हींत असलेला भागच ठेवा), म्हणजे उजळ भाग तेवढेच धरले जातील आणि पानांमधली फटही त्यात येईल. रेंजच्या खालच्या टोकाला उतार लांब ठेवा. तो उभा ठेवलात की पानांच्या कडा करवतीसारख्या कापल्या जातात.

त्वचेवर ठिगळं

ब्रशच्या प्रीसेटवर लिहिलेला फ्लो बघून फसू नका. फोटोशॉपमध्ये ब्रश रेघ ओढत नाही, ठसे उमटवतो. स्पेसिंग (ठशांमधलं अंतर) २५ टक्के असेल तर एका फटकाऱ्यात रेषेच्या मधल्या बिंदूवर साधारण ४ ठसे पडतात, स्पेसिंग ५ टक्के असेल तर २०. फ्लो दोन्हींत ५ टक्के धरला आणि ब्रश कडक कडेचा, तर पहिल्यात मास्क १८ टक्क्यांच्या आसपास भरतो, दुसऱ्यात ६४ टक्के. आकडा तोच, काम साडेतीन पट. ‘हा ब्रश सौम्य, तो राक्षसी’ या चर्चेत बहुतेक वेळा एवढंच असतं. तुलना करायची तर स्पेसिंग समान करा. त्वचेसाठी स्पेसिंग २५ आणि फ्लो १ ते ३ ठेवला तर हात घसरला तरी डाग पडत नाही. फ्लो ठसे साचत नेतो आणि ओपॅसिटी एका फटकाऱ्याला वरची मर्यादा घालते, हा फरकही ध्यानात असू द्या.

ठिगळं आधीच पडली असतील तर सर्वांत वर दोन मदतनीस लेयर लावा: एक ब्लॅक अँड व्हाइट, त्यावर मधला बिंदू १२८ वरून ९० पर्यंत खाली ओढलेला कर्व्ह्‌ज. रंग गेला आणि मधले टोन दबले की उजळ-गडद बेटं स्पष्ट दिसतात. आधी ३३ टक्के झूमवर मोठी बेटं सारखी करा, मग १०० टक्क्यांवर बारीक. सुरुवातच १०० वर केली तर प्रत्येक छिद्राशी झटापट होते आणि चेहऱ्याचा आकार हरवतो. फाइल सेव्ह करण्याआधी मदतनीस लेयर बंद करायला विसरू नका. ही चूक सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होतेच.

लाइटरूममध्ये त्वचेवर दाणेदार, खरवडल्यासारखी कड दिसली तर ब्रशचा ऑटो मास्क चालू राहिलेला असतो. नॉइज असलेल्या भागात तो एकेक पिक्सेल आत की बाहेर ठरवत बसतो. बंद करा आणि तो भाग पुन्हा रंगवा.

गडद केलं की त्वचा नारिंगी, उजळलं की खडूसारखी

आरजीबीवर नॉर्मल मोडमध्ये कर्व्ह खाली ओढला की लाल, हिरवा आणि निळा यांतलं प्रमाण बदलतं आणि रंग गडद होताना दाटही होतो. उजळताना उलट, रंग धुऊन निघतो. फोटोशॉपमध्ये कर्व्ह्‌ज लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करा, रंग जागेवर राहतो. मात्र पूर्ण ल्युमिनॉसिटीवर गडद केलेली त्वचा कधी कधी निर्जीव दिसते. खरी सावली रंगानेही थोडी दाट असते, डोळ्याला तशीच सवय आहे. म्हणून डॉजला ल्युमिनॉसिटी आणि बर्नला नॉर्मल ठेवून त्यावर फक्त त्या लेयरपुरता क्लिप केलेला ह्यू-सॅच्युरेशन −५ ते −१०, हा मेळ त्वचेवर बरा बसतो. लाइटरूमच्या बर्न मास्कमध्ये सॅच्युरेशन −५ ते −१२ घालून प्रीसेट पुन्हा सेव्ह करा. डार्कटेबलचं एक्सपोजर मॉड्यूल रेषीय आकड्यांवर तिन्ही रंगांना एकाच संख्येने गुणतं, त्यामुळे प्रमाण तिथे बिघडत नाही. रंग सरकला तर पुढच्या टोन मॅपिंगमध्ये शोधा.

फोटोशॉपचं थेट डॉज किंवा बर्न टूल मूळ लेयरवर चालवणाऱ्या अ‍ॅक्शन शक्यतो टाळाव्यात. परत फिरायची वाट राहत नाही. वापरायचंच असेल तर प्रोटेक्ट टोन्सची खूण चालू, रेंज मिडटोन्स आणि एक्सपोजर ३ ते ५ टक्के.

राखाडी लेयरची एक बारीक खोच. काही अ‍ॅक्शन ‘५० टक्के राखाडी’ भरताना लॅबमधला एल ५० घेतात. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात त्याचा आकडा ११९ येतो, १२८ नव्हे, आणि प्रोफोटो या रुंद रंगपट्ट्यात तर १०० च्या आसपास. सॉफ्ट लाइटमध्ये तटस्थ असतो तो १२८. म्हणजे काहीच रंगवायच्या आधी अख्खा फोटो किंचित गडद होतो आणि तुम्ही त्याची भरपाई म्हणून जास्त डॉज करत राहता. अ‍ॅक्शन चालवल्यावर लेयरचा डोळा बंद-चालू करा. फोटो हलला तर फिल खिडकीतून ५० टक्के ग्रे पुन्हा भरा.

सावल्या मळकट, आकाश राखाडी, पट्टे

आयएसओ ३२०० वरच्या फोटोत सावली २ स्टॉप उचलली तर तिथला नॉइज साधारण आयएसओ १२८०० सारखा दिसणार. प्रीसेटच्या नमुन्याचा फोटो बहुधा आयएसओ १०० चा असतो. उचल ०.७० ते १ स्टॉपवर थांबवा, मास्कमध्येच नॉइज +२० ते +४० द्या आणि ब्लॅक्स −५ ते −१० करून सावलीला तळ परत द्या. मळकटपणा उजेड कमी पडल्याने येत नाही, तळ सुटल्याने येतो.

बर्न केल्यावर आकाशात सपाट राखाडी डाग पडला तर तो भाग मुळातच २५५ ला टेकलेला होता. जिथे माहिती नाही तिथे −१.०० एक्सपोजर म्हणजे नुसती राखाडी चादर. जे दाबून क्लिपिंग (टोकाला टेकलेला भाग) दाखवा आणि बर्न मास्कमधून तो भाग ल्युमिनन्स रेंजने वजा करा. सूर्याभोवती पांढरं राहिलेलं शोभतं, राखाडी शोभत नाही.

पट्टे पडतात ते ८ बिटच्या आकाशात. १८० ते २०० म्हणजे जेमतेम २० पायऱ्या, ४००० पिक्सेलवर पसरल्या तर एकेक पायरी २०० पिक्सेल रुंद. त्यावर प्रीसेटने कॉन्ट्रास्ट दुप्पट ताणला की शेजारच्या पायऱ्यांत दोन-दोनचा फरक पडतो आणि कडा दिसू लागतात. रॉ असेल तर रॉवरूनच काम करा आणि फोटोशॉपला १६ बिटमध्ये पाठवा. जेपीईजीच हाताशी असेल तर फाइल १६ बिट केल्यावर आकाशावर मोनोक्रोमॅटिक गॉसियन नॉइज ०.५ ते १ टक्का टाका. पट्टे पूर्ण जात नाहीत, पण मोडतात. नुसतं १६ बिट करून मात्र गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

एकदम पन्नास फोटोंना लावल्यावर

प्रीसेटमधला रेडियल किंवा लिनिअर मास्क चौकटीच्या प्रमाणात बसतो. आडव्या फोटोत तिसऱ्या भागात असलेला चेहरा उभ्या फोटोत तिथे नसतो, आणि डॉजचा गोळा खांद्यावर किंवा भिंतीवर पडतो. उभ्या आणि आडव्या चौकटींसाठी दोन वेगळे प्रीसेट ठेवा, नाहीतर माणूस ओळखणारा मास्क घ्या. ओळखणारा मास्क घेतला तरी डाग काढण्याचं काम आधी उरका. नंतर केलंत तर मास्क अद्ययावत करण्याची सूचना येते आणि ती दुर्लक्षिली तर जुनाच मास्क राहतो.

कोपरे दोनदा काळे होणं हेही गठ्ठ्यातच लक्षात येतं. प्रीसेटमध्ये कडांचा बर्न मास्क आहे आणि शिवाय पोस्ट-क्रॉप व्हिनेट −२०. एकच ठेवा. व्हिनेट क्रॉपबरोबर सरकतो, म्हणून गठ्ठ्यासाठी तोच सोयीचा.

फोटोशॉपच्या अ‍ॅक्शनचं गठ्ठ्यात वेगळंच बिनसतं. ३०० पिक्सेलचा ब्रश किंवा मास्कवरचा २० पिक्सेलचा ब्लर ६००० पिक्सेल रुंद फोटोत जसा दिसतो तसा ९५०४ पिक्सेल रुंदीच्या ६१ मेगापिक्सेल फाइलमध्ये दिसणार नाही. ५ टक्के रुंदी ३.२ टक्क्यांवर येते आणि कड कापल्यासारखी उभी राहते. ब्लरचा आकडा रुंदीच्या प्रमाणात वाढवा, इथे २० चा ३२. अ‍ॅक्शनमध्ये त्या पायरीपुढे संवादखिडकीची खूण चालू ठेवली की प्रत्येक फाइलला आकडा विचारला जाईल. आणि प्रीसेट किंवा अ‍ॅक्शन सेव्ह करताना नावातच मोजमाप लिहा: ‘चेहरा, उभा, गाल +६, क्लॅरिटी नाही’. ‘मॅजिक ग्लो ३’ म्हणजे काय होतं, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.